बांध वाढला

एका राज्यात नदीला बांध होता, बांधाखाली नगर होते, आणि त्या नगरात एकही अभद्र शब्द नव्हता. नव्हता म्हणजे उरलाच नव्हता. तो कसा गेला, ते आधी ऐका.

राजा सुमंगलसेनाची राणी एकदा सहज बोलून गेली, "दिवा विझला." वास्तू तथास्तु म्हणते, असे आपण नुसते म्हणतो. त्या राज्यात ती खरोखर म्हणाली, छतातून, मोठ्याने. त्याच घटकेला पाळण्यातला राजपुत्र गेला. राजाने मौनगिरी मांत्रिकाला बोलावणे धाडले.

"राज्यातले सारे अभद्र शब्द उचल."

"शब्द उचलीन, महाराज. पण गोष्ट जागची हलणार नाही."

राजाने पहिले वाक्य ऐकले, दुसरे ऐकले नाही. राजे असेच ऐकतात.

मौनगिरीने माणसांच्या जिभांवरून फुटणे, विझणे, बुडणे, मरणे, संपणे, चुकणे असे शब्द एकेक करून खुडले, तांब्याच्या रांजणात भरले, वर शिळा ठेवली आणि बांधाच्या पायथ्याशी गुहेत तो रांजण राखत बसला. लोकांचे काही अडले नाही. आपण नाही का नारळ वाढवत, दुकान वाढवत, बांगडी वाढवत? त्यांनी सगळेच वाढवले. मडके वाढले, दिवा वाढला, शेजारचा म्हातारा वाढला. संकटासाठी घरात चार दाणे राखणे तर फारच अशुभ ठरले. वास्तूला आपण होऊन आठवण द्यायची कशाला?

या नगरात हैबती नावाचा दवंडीवाला होता. बायको बाळंतपणातच गेलेली, घरात सहा वर्षांची लेक जाई आणि भिंतीवर हलगी, एवढाच संसार. एका भर दुपारी तो बांधावर उभा असताना बांधाला भगदाड पडले. हैबती हलगी बडवत खालच्या आळीकडे धावला. त्याला ओरडायचे होते ते जिभेवर आलेच नाही. जे होते तेच त्याने ओरडून सांगितले.

"बांध वाढला हो! बांध वाढला!"

आळीत पंगती बसल्या होत्या. "वाढला? बरे झाले, उंच हवाच होता," असे म्हणून लोकांनी आणखी भात वाढून घेतला. जाईने बापाची आरोळी ओळखली. बाबा आले, असे समजून तिने दोन ताटे मांडली. तो पोहोचण्याआधी पाणी आले. जी थोडी माणसे टेकडीवरच्या देवीच्या देवळापर्यंत पोहोचली, त्यांना दार बंद मिळाले. नैवेद्य झाला होता, आतून अडसर लागला होता, आणि देवी निजली की पुजारी दार उघडत नसे. ती माणसेही वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या लोकांनी विचारले, "हैबती, जाई कुठे रे?"

"वाढली," हैबती म्हणाला.

"लेकी वाढायच्याच," लोक म्हणाले आणि आपल्या वाटेने गेले. ना कोणी सुतक धरले, ना कोणी दारात येऊन बसले. ज्याला नाव नाही, त्याचे सांत्वन तरी काय करणार?

मग हैबतीने एक वेडी गोष्ट केली. लेक वाढली म्हणजे तिला परकर आखूड होणार, असे धरून तो दर वर्षी वीतभर लांब परकर शिवून पेटीत ठेवू लागला. सात वर्षांत सात परकर झाले. राजाने बांध पुन्हा बांधला, खालची आळी पुन्हा त्याच जागी वसली. हैबती दवंडी देत होता, जेवत होता, आणि आतून पार कोरडा पडला होता.

आठव्या वर्षी एका सकाळी टिटवी त्याच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. टिटवीला सगळे शब्द येत. तिची जीभ खुडायचे मांत्रिकाला सुचले नव्हते.

"हैबती, यंदा मी अंडी देवीच्या कळसावर घातली."

 टिटवी अंडी घालते तिथवर पाणी येत नाही, हे हैबतीला ठाऊक होते. म्हणजे त्याखाली कुठवरही येणार.

"केव्हा?"

"परवा दुपारी बांध फुटेल."

हैबतीने तो शब्द पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला. "वाढेल," जीभ म्हणाली. त्याने कपाळ उंबऱ्यावर आपटले. मग तो उठला आणि गुहेकडे निघाला.

मौनगिरी रांजणावर बसून होता. त्याची जटा मातीत रुजली होती.

"शब्द परत हवा," हैबती म्हणाला.

"बांधणारा मी. सोडणारा मी नव्हे. तीन वस्तू आण. संकटासाठी राखलेले मूठभर धान्य. ज्या दाराने माणसे परत धाडली, त्या दाराचा अडसर. तिसरी वस्तू मग सांगेन."

हैबती घरोघर फिरला. श्रीमंतांची कोठारे भरलेली होती, पण ती लग्नांसाठी, सणांसाठी होती. संकटासाठी म्हणताच लोक कानांवर हात ठेवत. "शुभ बोल की रे! घरात लेकरेबाळे आहेत." दिवस कलला तेव्हा तो नगराबाहेर, खालच्या आळीच्या वरच्या चढावर, पिराच्या ठाण्यापाशी आला. तिथे हुसेनबी नावाची म्हातारी झाडलोट करी. तिच्या आढ्याला सात मडकी टांगलेली होती, तोंडे फडक्याने बांधलेली.

"ही कशासाठी, आई?"

"पाण्यासाठी. दर जुम्म्याला एक मूठ टाकते. लोक मला अवदसा म्हणतात. मी कुणाचं वाईट चिंतत नाही रे बाबा, पण पाणी चिंतत असलं तर?"

तिने मूठभर ज्वारी त्याच्या उपरण्यात बांधली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या पोरीला मी त्या दिवशी वरून हाका मारल्या. ती हसली नि आत गेली. बाबा आले म्हणाली."

 

दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला. पुजारी नरहरभट सोवळ्यात गंध उगाळत होता.

"अडसर हवा," हैबती म्हणाला.

हा नियमावर बोट ठेवील, शास्त्र काढील, असे हैबतीला वाटले होते. नरहरभटाने सहाण बाजूला सारली. 

"घेऊन जा. सात वर्षे झाली, दर दुपारी दार वाजते. उघडतो तर बाहेर कोणी नसते. देवीला झोप नाही, मला नाही."

त्याने शिसवी अडसर स्वतः खांद्यावर घेऊन हैबतीसोबत गुहेपर्यंत पोहोचवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मौनगिरीने दोन्ही वस्तू पाहिल्या.

"शिळा ओढायला दोर लागेल. तुझ्या पेटीतल्या सात परकरांचा."

"ते माझ्या लेकीचे आहेत."

"लेक कुठे आहे?"

"वाढली."

"म्हणजे काय, हैबती?"

हैबती तसाच माघारी फिरला. नगर गेले तर जावो, एवढे त्याच्या मनात येऊन गेले. खोटे कशाला सांगा? घरी येऊन त्याने पेटी उघडली. एकेक परकर मांडीवर घेतला. सातही कोरे. एकावर चिखल नाही, एकावर हळद नाही, एकाचा काठ खेळताना उसवलेला नाही. चालत्याबोलत्या पोरीचा परकर असा असतो कधी? मग त्याच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्याने सातही परकर फाडले, पट्ट्या पिळल्या, दोर वळला. सगळ्यात लांब परकर फाडायला त्याच्या हातांना फार वेळ लागला.

दोर शिळेला बांधला, अडसराची पहार केली. ज्वारी रांजणावर वाहताच शिळा सैल झाली. हैबतीने एकट्याने ओढली. शब्द बाहेर पडले, बारीक, काळे, मुंग्यांसारखे रांगेने. एकेक शब्द आपापल्या जिभेकडे निघाला. मौनगिरीची जटा मातीतून सुटली आणि तो हलक्या धुळीसारखा उडून गेला. हैबती दोर कमरेला गुंडाळून बांधावर चढला, तेव्हा ऊन माथ्यावर आले होते आणि बांधातून माती गळत होती.

त्याने हलगीवर टिपरू मारले.

"बांध फुटला! पाणी आले! टेकडीवर चला! मराल, मराल!"

पंगतीतले घास हातात राहिले. कित्येकांनी तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण शब्दासोबत भीतीही परत आली होती, आणि भीतीने पाय दिले. ताटे तशीच टाकून आळी उठली. देवळाचे दार सताड उघडे होते. त्याला लावायला अडसर नव्हता. नरहरभट सोवळे सोडून येईल त्याला हाताला धरून आत ओढत होता. मागे राहिलेली म्हातारीकोतारी, पोटुशी बाया हैबतीने वरून सोडलेल्या त्या परकरांच्या दोराला धरून चढ चढल्या. हुसेनबीची मडकी देवीच्या ओसरीवर उतरली आणि चुली पेटल्या. पाणी देवळाच्या उंबऱ्याखाली वीतभर येऊन थांबले. कळसावर टिटवी अंड्यांवर बसून होती.

राजा ओल्या वस्त्रांनी आला. त्याने माणसे मोजली. सगळी होती. मग त्यालाही त्याचा शब्द सापडला. "मी चुकलो," राजा म्हणाला.

लोक हैबतीच्या पाया पडायला आले. तो पायरीवर दगडासारखा बसला होता. एवढेच होते तर. एका शब्दाचे काम होते. तो सात वर्षांपूर्वी जिभेवर असता, तर जाई आज तेरा वर्षांची असती आणि या पायऱ्या त्याच्या आधी चढली असती.

हुसेनबीने विचारले, "तुझी लेक, हैबती?"

"माझी जाई मेली," हैबती म्हणाला.

सगळे श्वास रोखून बसले. वास्तू तथास्तु म्हणेल, असे वाटले. छतातून काही आले नाही. म्हणायला उरलेच काय होते? मग बाया उठून त्याच्या भोवती बसल्या. राजा बसला. नरहरभट बसला. त्या नगरात कित्येक वर्षांनी पहिले सुतक धरले गेले.

तेव्हापासून त्या राज्यात घरोघर एक मडके आढ्याला असते. प्रत्येक देवळात, प्रत्येक ठाण्यात दोर आणि धान्य असते, आणि दाराला अडसर नसतो. दर वर्षी त्या दुपारी हैबती हलगी वाजवून खोटीच आरोळी देई. सगळे नगर जेवण टाकून टेकडी चढे. तो मात्र वर जात नसे. रिकाम्या आळीत आपल्या घरापुढे उभा राही, आत दोन ताटे मांडलेली असत, आणि सगळे गेले याची खात्री करून एकदा आत डोकावे.

ही कहाणी वाढली, असे आम्ही म्हणणार नाही. ही कहाणी संपली.