बांडी आणि लपलेली घळ

फार जुन्या काळी एका डोंगरात शेळ्यांचा कळप राहायचा. त्याला वाट दाखवायची बांडी नावाची म्हातारी शेळी. बाभळीच्या काट्याने तिचा एक डोळा गेला, तसं शिंगाळ्या बोकडाने तिला मागे हटवलं. "एका डोळ्याला खोल-उथळ काय कळणार?" तो म्हणाला.

बांडीच्या अंगाचा तिळपापड झाला. आता ती चालताना मान डावीकडे-उजवीकडे हलवायची. तसं केलं की जवळचं गवत भरभर सरकायचं, लांबचं हळू, आणि त्यावरून तिला अंतर कळायचं. पण कळप खिदळायचा, "म्हातारी नाचते बघा!"

एका दुपारी सगळे पठारावर आले. ऊन अगदी डोक्यावर होतं. कुठेच सावली नव्हती, त्यामुळे उंचसखल काही कळेना. वाळलेलं गवत सलग पसरल्यासारखं दिसत होतं. बांडीने मान हलवली आणि ती ओरडली, "थांबा! समोरचं गवत या गवताबरोबर सरकत नाही. मध्ये घळ आहे!"

"मला दोन डोळे आहेत. सगळं सपाट आहे," म्हणत शिंगाळ्या धावला आणि दिसेनासा झाला.

घळ फार खोल नव्हती, म्हणून तो वाचला. बांडीनेच वरून सांगत सांगत त्याला बाहेर काढलं. लंगडत वर येताच तो म्हणाला, "उन्हाने फसवलं. कुणीही पडलं असतं."

"कुणीही?" बांडी कडाडली. "मी ओरडत होते, तेव्हा तुझे कानसुद्धा उन्हाने दिपले होते का रे?"

शिंगाळ्याने मान खाली घातली. एक शेळी आपलं करडू घेऊन बांडीच्या मागे जाऊन उभी राहिली.