झुपकीचा बदाम आणि झोपाळू स्क्रीनबाई

एक होतं बदामाचं झाड. झाडाच्या ढोलीत राहायची झुपकी खार. झुपकीला होतं एक पिल्लू. एवढंसं!

एके दिवशी सकाळी काय झालं? पिल्लाला दात आला! पहिला दात! पांढरा पांढरा, इवलासा.

"आई, बदाम!" पिल्लू म्हणालं.

झुपकीला कोण आनंद! ती धावली सुर्रर्र. तिने तोडला सगळ्यात लाल, सगळ्यात गोड बदाम. लालचुटुक!

पण हाय रे! बदाम सुटला. टप्प! खाली पडला. गड गड गड गड... आणि फरशीच्या खळग्यात जाऊन बसला.

तेवढ्यात आली एक गाडी. घुर्र घुर्र घुर्र. वळायला म्हणून थांबली झाडाखाली. टायर कुठे? बरोब्बर खळग्यावर! खाली बदाम, वर टायर. पुढे भिंत. आता गाडी हलणार ती मागेच.

झुपकी गेली टुणुक टुणुक.

"टायरदादा, टायरदादा, सरक ना!
बदाम निघेना,
पिल्लाला माझ्या धीर धरवेना!"

टायर म्हणाला, "छे गं! मी आपला आपण कसा सरकू? मावशीने गाडी मागे घेतली, तर मी सरकेन!"

मावशी म्हणजे गार्गीमावशी. ती गाडी चालवते. झुपकी चढली बॉनेटवर. खिडकीतून आत. टुणुक टुणुक.

"मावशी, मावशी, गाडी मागे घे ना!
टायर सरकेना,
बदाम निघेना,
पिल्लाला माझ्या धीर धरवेना!"

मावशी म्हणाली, "नाही गं बाई! मागे कोण आहे, मला कुठे दिसतंय? परवा न बघता मागे घेतली. धाडकन! शेजाऱ्यांची कुंडी फुटली. केवढं बोलले ते! स्क्रीन उजळली, मागच्या कॅमेऱ्यातलं दिसलं, तरच मी गाडी मागे घेईन!"

स्क्रीन होती पुढेच, मावशीच्या हाताशी. गाडी कधीची सुरू झाली होती. इंजिन घुरघुरत होतं, दिवे लागले होते. पण स्क्रीनबाई कसल्या उठतात! काळ्या कुळकुळीत. मधे एक पांढरं कडं, फिरतंय आपलं गोल गोल गोल.

झुपकी गेली टुणुक टुणुक.

"स्क्रीनबाई, स्क्रीनबाई, उजळ ना!
मावशी गाडी मागे घेईना,
टायर सरकेना,
बदाम निघेना,
पिल्लाला माझ्या धीर धरवेना!"

स्क्रीनबाई म्हणाली, "आऽऽई गं! मी गाणी मोजतेय. पेन ड्राइव्हमधली. भजनं मोजली, लावण्या मोजल्या. वरातीचा बँड मोजतेय. आबांच्या लग्नाचं शूटिंग तर अख्खं राहिलंय! रोज सकाळी हेच काम. पेन ड्राइव्ह निघाला, तर मी उजळेन!"

पेन ड्राइव्ह बसला होता मावशीच्या सीटमागच्या खोबणीत. अगदी ऐटीत. झुपकी गेली टुणुक टुणुक.

"पेन ड्राइव्हभाऊ, बाहेर नीघ ना!
स्क्रीन उजळेना,
मावशी गाडी मागे घेईना,
टायर सरकेना,
बदाम निघेना,
पिल्लाला माझ्या धीर धरवेना!"

पेन ड्राइव्ह म्हणाला, "अहं! मला आबांनी खोचलंय, घट्ट. आबांनी ओढलं, तर मी निघेन!"

आबा बसले होते मागच्या सीटवर. शेजारी छोट्या खुर्चीत पट्टा लावून जुईबाळ. आबांची नात. आणि जुईबाळ काय करत होती? भ्यां! भ्यां! भ्यां!

झुपकी गेली टुणुक टुणुक.

"आबा, आबा, ओढा ना!
पेन ड्राइव्ह निघेना,
स्क्रीन उजळेना,
मावशी गाडी मागे घेईना,
टायर सरकेना,
बदाम निघेना,
पिल्लाला माझ्या धीर धरवेना!"

आबा म्हणाले, "ओढलं असतं गं राणी! पण हात कुठे मोकळे? या हाताचं बोट बाळाने धरलंय. त्या हाताचं बोटही बाळानेच धरलंय. बाळ हसलं, तर बोटं सुटतील. बोटं सुटली, तर मी ओढेन!"

आता राहिलं बाळ. झुपकी गेली टुणुक टुणुक.

"जुईबाळा, जुईबाळा, हस ना!
आबा ओढेनात,
पेन ड्राइव्ह निघेना,
स्क्रीन उजळेना,
मावशी गाडी मागे घेईना,
टायर सरकेना,
बदाम निघेना,
पिल्लाला माझ्या धीर धरवेना!"

जुईबाळ म्हणाली, "भ्यां! मला मामाकडे जायचंय! गाडी भुर्र गेली, तर मी हसेन!"

काय? काय म्हणाली? गाडी गेली तर बाळ हसेल?

अगंबाई! आणि बाळ हसलं तर गाडी जाईल!

हा म्हणतो आधी तो, तो म्हणतो आधी हा. हलत कुणीच नाही. आता काय करायचं? वर ढोलीत पिल्लू ओरडत होतं, "आई, बदाम! आई, बदाम!"

झुपकीला आलं रडू. मग आला राग. इतका राग, इतका राग! तिने पाय आपटले. थय थय थय! चिर्रर्र करून ओरडली. शेपूट फुगली. फुगून आली नाकासमोर.

"ही कोण मधे मधे?" झुपकी चिडली आणि धावली शेपटीमागे. शेपूट पुढे, झुपकी मागे. सीटवर गोल गोल गोल! गर्र गर्र गर्र!

शेपूट सापडेना!

जुईबाळ गप्प झाली. टकामका बघू लागली. ओठ हलले. गाल फुगले. आणि...

खुदकन हसली! खुदुखुदु हसली! टाळ्या वाजवून हसली!

बाळ हसलं, बोटं सुटली.
बोटं सुटली, आबांनी हात पुढे करून ओढलं. हुप्प!
पेन ड्राइव्ह निघाला. टच्!
स्क्रीन उजळली. टिंग!

"हुश्श!" स्क्रीनबाई म्हणाली. "आज मोजामोजी नाही!"

झुपकीला तर काय करू आणि काय नको! खिडकीतून मारली उडी आणि धावली. कुठे? गाडीच्या मागे! नाचायला लागली तिथेच.

मावशीने गाडी मागे घेतली. घुर्र... आणि करकच्च! ब्रेक!

स्क्रीनमध्ये कोण? झुपकी!

"अगं अगं अगं! बाजूला हो!" मावशी ओरडली. "बघ, म्हणून म्हणत होते मी, मला दिसायला हवं!"

झुपकी बाजूला झाली. लांब झाली. झाडाच्या बुंध्याशी शहाण्यासारखी बसली.

मग मावशीने गाडी मागे घेतली. घुर्र घुर्र घुर्र.
टायर सरकला. गर्र गर्र गर्र.
आणि खळग्यात काय?
बदाम! लालचुटुक बदाम! जसाच्या तसा!

"टाटा!" म्हणाली जुईबाळ. आबांनी पेन ड्राइव्ह टाकला खिशात. "गाणी ना? गाणी मीच म्हणतो!" म्हणाले, आणि लागले मोठ्यांदा गायला. गाडी गेली भुर्रर्र.

झुपकी चढली झाडावर. सुर्र सुर्र सुर्र. तोंडात बदाम.

पिल्लाने बदाम धरला दोन हातांनी. केवढा मोठा! नाकाला लावला. वास घेतला. मग तोंड उघडलं आणि...

कुर्रुम!

बदामावर पडला एक खड्डा. एवढुस्सा. एकच.

कुणी पाडला? पिल्लाच्या पहिल्या दाताने!

बदाम गेला पिल्लाच्या पोटात, गोष्ट आली तुझ्या कानात. आणि तुझा दात कुठे आहे रे? दाखव बघू!