पुढचा बर्नर

भट्ट्यांनी लाकडं सोडून नुकताच गॅस धरला होता, तेव्हाची ही गोष्ट. गोदाक्काच्या फरसाणाच्या दुकानात मोठ्या कढईखाली दोन बर्नर होते, एक पुढे आणि एक मागे. मागच्याची ज्योत निळीशार. पुढचा मात्र पिवळा होऊन फुरफुरायचा आणि कढईला काजळी लावायचा. शेव तेलकट निघू लागली, गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली.

"तुझ्यापायी माझंही नाव खराब होतंय," मागचा म्हणाला. "अक्का तुला भंगारात घालणार बघ."

पुढचा नुसता फुरफुरत राहिला. त्यालाही तीच भीती होती.

एके सकाळी अक्काने गॅस बंद ठेवून दोघांनाही बाहेर काढलं. पुढच्याचा जीव टांगणीला लागला. पण अक्काने त्याला तारेच्या ब्रशने घासलं, सुईने एकेक भोक मोकळं केलं.

"झाऱ्यातलं सगळं तेल तुझ्याच डोक्यावर गळतं रे," ती म्हणाली. "तू तरी काय करणार? आता आळीपाळीने बसा."

तिने पुढचा मागे बसवला, मागचा पुढे. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती नाही ना, ते पाहिलं आणि काडी ओढली. दोघेही निळे!

काही महिन्यांनी पुढे आलेला बर्नर पिवळा पडू लागला. "आता माझं काय होणार रे?" त्याने घाबरून विचारलं.

"काही नाही," मागून आवाज आला. "सुईने जरा गुदगुल्या होतात, तेवढ्या सोस. मग इकडे मागे ये. मी पुढे जातो."