आठव्या दिवसाचा चहा

एकदा एक चहाचा व्यापारी आपल्या वृद्ध गुरूंकडे तक्रार घेऊन आला. पहिले महायुद्ध संपले होते, दुसऱ्याची चाहूलही नव्हती, आणि गावोगावी लोकांना उत्तम चहाची अन् स्वस्त सिगारेटची चटक लागत होती.

गुरू चहाचे जाणकार. नुसत्या वाफेवरून पत्तीची प्रत सांगत. त्यांच्या हाताखाली शिकून या गृहस्थाने दुकान थाटले, नाव कमावले. पुढे त्याने सिगारेटीही ठेवल्या. स्वस्त माल, मग गर्दीला काय तोटा! विकता विकता स्वतःही ओढू लागला.

"गुरुजी, चहाचं गिऱ्हाईक तुटलं," तो म्हणाला. "मिश्रण तुम्ही शिकवलं तेच आहे. लोकांनाच चव उरली नाही. आता चहा बंद करून नुसत्या सिगारेटी विकाव्यात म्हणतो." वीस वर्षे जपलेला धंदा मोडायचा म्हणजे जिवावर येणारच.

गुरूंनी त्याने आणलेला चहाचा पुडा ठेवून घेतला. "आठ दिवस इथंच राहा. सिगारेट ओढणार नाही, असा शब्द दे. मग बोलू."

त्याला काही उमगले नाही, पण त्याने शब्द दिला. रोज सकाळी त्याच्यापुढे एक कप चहा येई. पहिल्या दिवशी घोट घेऊन तो म्हणाला, "आपलाच चहा! अगदी अस्सल."

तिसऱ्या दिवशी तो चवताळला. भिंतीवर राग, माशीवर राग. पिशवी उचलून दारापर्यंत गेला, आणि दातओठ खात परत येऊन बसला. दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढेच त्याने घट्ट धरून ठेवले होते.

आठव्या दिवशी त्याने पहिलाच घोट थुंकला. "गुरुजी, हा कुठला चहा? तंबाखूचा वास मारतोय!"

"तुझ्याच पुड्यातला. आठही दिवस तोच आहे."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

"पत्ती शेजारच्या मालाचा वास ओढून घेते, हा तुझा पहिला धडा होता," गुरू म्हणाले. "सिगारेटींचे खोके कुठं ठेवलेस?"

"चहाच्या पेट्यांवर," तो कसाबसा म्हणाला.

"घरोघरच्या बायकांना ते पहिल्या घोटात कळलं. तुला कळलं नाही, कारण ज्या जिभेवर तुझा धंदा, तीच तू बधिर केलीस. आणि दोष दिलास लोकांच्या जिभेला. मी आधीच सांगितलं असतं, तर तू माझ्याशीही वाद घातला असतास."

तो पाया पडला आणि निघाला. गावी पोहोचताच त्याने बिघडलेला सगळा चहा खड्ड्यात पुरला, सिगारेटी दुकानातून कायमच्या हलवल्या आणि नवा माल भरून घरोघर हिंडू लागला.

"सहा महिने मी तुम्हाला वाईट चहा विकला," पहिल्याच दारात तो म्हणाला. "चूक माझी होती. हा करून बघा."

घरच्या आजींनी त्याला ओसरीवर बसवून चहा केला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग त्या आत गेल्या आणि आपला रिकामा डबा आणून त्यांनी त्याच्यापुढे धरला.