सुभानाने मागितलेला एक दिवस

खूप खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. पैलतीरी जायचं तर नावाड्याला हाक मारावी लागे.

अशाच एका नदीकाठच्या गावात एक नावाडी राहत होता. त्याला तीन मुलगे. थोरले दोघे लग्नं करून डोंगरापलीकडे शेती करायला गेले. धाकटा सुभाना आईबापांजवळ राहिला आणि बाप थकल्यावर त्याची नाव चालवू लागला.

एके वर्षी आई अंगणात घसरून पडली. कंबरेचं हाड मोडलं, ते पुन्हा सांधलंच नाही. ती खाटेला खिळली. बापाचे हातपाय धड होते, पण त्याला काही आठवेनासं झालं. दिवसातून दहादा तो उठे आणि दाराकडे चालू लागे.

"पलीकडे माणसं खोळंबलीत. मला जायला हवं."

"आबा, आज कुणी उतारू नाही," असं म्हणत सुभाना त्याला हाताला धरून परत बसवी.

शेवटी सुभानाने नाव दुसऱ्याला दिली आणि घरात बसून तो टोपल्या विणू लागला. आईला कुशीवर वळवायचं, तिचं अंग पुसायचं, बापाला भरवायचं, मधूनच उठून दार लावायचं. त्याला झोप मिळे ती तुकड्यातुकड्यांनी. चार वर्षं अशी गेली.

सणावाराला भाऊ येत. आईबापांच्या पाया पडत, जेवत आणि निघताना म्हणत, "सुभाना, पुण्यवान आहेस. ही सेवा आमच्या नशिबात नाही."

गावालाही त्याचं फार कौतुक. एकदा गावच्या पाटलाने सगळ्यांना देवळापुढे जमवलं आणि सुभानाच्या डोक्याला रेशमी पागोटं बांधलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुभाना हात जोडून म्हणाला, "पाटील, पागोटं नको मला. आठवड्यातून एक दिवस कुणीतरी माझ्या घरी येऊन बसा. मला नुसतं झोपायचं आहे."

लोक हसले. त्यांना वाटलं, पोरगा विनयाने बोलतोय.

त्या पावसाळ्यात सुभानाला ताप येऊ लागला. त्याने थोरल्या भावाला निरोप धाडला, "दादा, पंधरा दिवस तरी ये." उत्तर आलं, "पेरणी झाली की येतो." पेरणी झाली. मग निरोप आला, "कापणी होऊ दे."

एका दुपारी आईला भरवून झालं आणि रिकामी थाळी हातात घेऊन सुभाना चुलीपाशी टेकला. त्याचे डोळे मिटले. थाळी हातातून पडली, तरी त्याला जाग आली नाही.

बाप उठला. त्याने कडी काढली.

"अहो, थांबा!" आई खाटेवरून ओरडली. "सुभाना! ऊठ बाळा, आबा निघाले!"

सुभाना हलला नाही. तिने शेजाऱ्यांना हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या.

बाप काठावर गेला. नाव जागेवर नव्हती. तो तसाच पाण्यात उतरला. नदीला पूर होता. तिसऱ्या दिवशी त्याचा देह खालच्या डोहात सापडला.

आता मात्र दोघे भाऊ धावत आले. थोरला सगळ्यांसमोर सुभानावर कडाडला, "बाप घरातून जातो आणि तू झोपतोस?"

उत्तर आईने खाटेवरून दिलं.

"झोपला नव्हता रे तो, कोसळला होता. चार वर्षं राबून त्याने आठवड्यातला एक दिवस मागितला. तुमच्यापैकी कुणी दिला? मी हाका मारल्या तेव्हा शेजारच्या चारही घरांत माणसं होती. का आलं नाही कुणी?"

शेजारची कोंडाबाई रडत म्हणाली, "ऐकू आल्या होत्या गं मला. वाटलं, सुभाना आहे की घरात."



त्या दिवशी थोरला भाऊ आईजवळ बसला आणि सुभाना आडवा झाला. तो दोन दिवस झोपला. जाग आली तसा तो दचकून उठला, दाराकडे धावला आणि कडी चाचपत म्हणाला, "आबा कुठे आहेत?"

भावाने तोंड फिरवलं. तेवढ्यात सुभानाला सगळं आठवलं आणि तो दारातच खाली बसला.

पुढे भावांनी पाळी लावली. गावातूनही रोज एका घरचं माणूस येऊन बसू लागलं. आई आणखी दोन वर्षं जगली आणि तिचे हाल झाले नाहीत. हे सगळं आधीही जमलं असतं, हे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. सुभानाला आता हवी तेवढी उसंत होती. पण डोळा लागला की आईची हाक ऐकू येई आणि तो उठून बसे. तो जन्मभर सलग झोपू शकला नाही.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्याला नुसती शाबासकी देऊन आपण सुटत नाही, तो थकून कोसळण्याआधी त्याचा भार आपल्या खांद्यावर घ्यावा लागतो.