दिलावरचाचांची सही

"मग संपतच्या कागदावर कशी केलीत सही?" अंकुशनं विचारलं.

दिलावरचाचा ट्रकच्या चाकाला टेकून बसले होते.

घाटाच्या पायथ्याशी ते पोरांना ट्रक शिकवायचे. मोठ्या गाडीचं लायसन काढायचं तर शिकवणाऱ्याची सही लागते. संपत त्यांचाच चेला. लायसन मिळून चार महिने झाले नव्हते, तर चैत्रात तो घाटात गाडीसकट दरीत गेला. तेव्हापासून चाचांनी एकाही कागदाला हात लावला नव्हता. शिकवायचे मात्र रोज. असं ते म्हातारं.

"सोमवारी परीक्षा आहे चाचा. लायसन नसलं तर मालक गाडी दुसऱ्याला देणार."

"देऊ दे."

"क्लीनरकी करून दीड वर्ष झालं. बायको माहेरी जाऊन बसलीय. सासरा चारचौघांत विचारतो, जावई ट्रक चालवतो का नुसता पुसतो."

"पुसतोस तर चांगला."

अंकुश हसला नाही.

"उतारावर काय करशील?" चाचांनी विचारलं.

"ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरणार. संपतसारखा गिअर काढणार नाही. तेवढा येडा नाही मी."

उतारावर गिअर काढला की गाडी आपसूक पळते. डिझेल वाचतं, मालक पाठ थोपटतो. पण मग सगळं ओझं एकट्या ब्रेकवर येतं. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. संपतचेही धरले नाहीत.

चाचा उठले. वर चढून बसले, इंजिन चालू केलं आणि गिअर काढला.

"मागं जा. एका हातानं ढकल."

गाडीत दगड भरलेले. अंकुशला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण तिथं जमिनीला जरासा उतार होता. त्यानं मागच्या फाळक्याला हात लावून जोर केला... आणि गाडी हलली.

"बघितलंत?" तो खुशीत ओरडला.

"बघितलं. आता थांबव."

अंकुशनं दोन्ही हातांनी फाळका धरला, टाचा रोवल्या. एक चप्पल मागं राहिली. मग दुसरी. गाडी त्याला ओढत निघाली, तो गुडघ्यांवर आला, तरी सोडीना. जिद्दी पोरगं. शेवटी चाचांनीच ब्रेक दाबला.

उतरून मागं आले. अंकुशचे तळवे सोलले होते. रडत नव्हता, पण तोंड तसंच झालं होतं.

"कळलं चाचा," तो म्हणाला. "आजवर नुसतं ऐकलं होतं. आता हातांना कळलं. जन्मात गिअर काढणार नाही."

"संपतही असंच म्हणाला होता. इथंच. त्याचेही गुडघे फुटले होते."

...

वर घाटात एक भरलेली गाडी गुरगुरत उतरत होती. ती खाली येऊन सपाटीला लागेपर्यंत दोघं कान देऊन उभे राहिले.

"मग मी काय करू?" अंकुशनं विचारलं. "काय केलं म्हणजे तुमचा भरवसा बसेल?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

चाचांनी मान हलवली. मग हात पुढं केला. अंकुशला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यानं खिशातला कागद काढून दिला. कागदाला रक्ताचं बोट लागलं.

चाचांनी कागद चाकावरच्या पत्र्यावर ठेवला आणि सही केली. फार वेळ लागला त्यांना, एवढ्याशा नावाला.

अंकुश पाया पडायला वाकला. चाचांनी पाय मागं घेतला.

"जा," ते म्हणाले. "आणि कुठल्या घाटानं चाललास, ते मला सांगत जाऊ नकोस."