फाटकाबाहेरचा चढ

मोटार क्लबचे अध्यक्ष इंद्रजितराव यांना आपल्या लाल स्पोर्ट्सकारहून प्रिय अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे स्वतःचे मत. क्लबच्या गाड्यांचे काम नसीमा मुजावरच्या गॅरेजला द्यावे, असे सभासदांनी ठरवताच ते सचिवांना घेऊन तिची परीक्षा घ्यायला निघाले. गॅरेजसमोर चढ होता. नसीमा फाटक उघडेपर्यंत त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटरवरच गाडी चढावर तोलून धरली आणि हॉर्न वाजवत राहिले.

“बाई, गाडी ऑटोमॅटिक आहे,” ते उतरत म्हणाले. “पण गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, की दोन क्लचचा? बॉनेट उघडायचं नाही, गाडी चालवायची नाही. चुकलात तर काम विसरा. बरोबर उत्तराचा कागद माझ्या खिशात आहे.”

नसीमाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि खोल श्वास घेतला.

“दोन क्लचचा.”

इंद्रजितरावांचा हात खिशातच राहिला. “अंदाज मारलात!”

“अंदाज कशाला, साहेब? अशी चढावर तोलून धरली की क्लच घासतो नि जळका वास सुटतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते काम तेल करतं, तिथे हा वास येत नाही.”

सचिवांनी नाकाला रुमाल लावला.

“गिअरबॉक्स ओळखायला मला एक फेरी लागली,” नसीमा म्हणाली. “चालवणारा मात्र फाटकाबाहेरच ओळखला होता. गाडी आत घ्या; क्लबचं पहिलं काम हिच्याच क्लचचं.”